पाणी नाही, तिथं लाट कुठली

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत टीव्हीवर लाट येऊन थडकते. सकाळी आठला तिला ‘कल’ म्हणतात, दहाला ‘कौल’ म्हणतात आणि बारा वाजता ती लाट होते. मग ज्यांना आदल्या रात्रीपर्यंत तिचा वाससुद्धा आला नव्हता ते अभ्यासक ती कुठून उठली, किती उंच होती आणि कुणाकुणाला घेऊन गेली हे संध्याकाळपर्यंत सांगत बसतात. या लाटा मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत सगळीकडे पोचतात. एका मतदारसंघाशी मात्र त्यांचं कधीच नीट जमलेलं नाही. मतदारसंघ क्रमांक 253, सांगोला, जिल्हा सोलापूर. कारण साधं आहे. लाट यायला आधी पाणी लागतं.

सांगोला तालुका माणदेशातला. माण नदी तालुक्यातून वाहते असं भूगोलाच्या पुस्तकात असतं. प्रत्यक्षात तालुक्यातून नदीची जागा जाते. नदी स्वतः सवडीनं येते. पावसाळी ढग सह्याद्रीवर सगळं मोकळं करतात आणि हलके होऊन माणदेशावरून नुसते पुढं सरकतात. खाली माणूस मान वर करून उभा असतो. या मान वर करण्याच्या सवयीचा पुढं राजकारणात उपयोग होतो, कारण हेलिकॉप्टरही त्याच दिशेनं येतं.

तालुका कोरडा असला तरी दरिद्री म्हणायचं काम नाही. ‘सोन्याचं सांगोलं’ असं म्हणायची जुनी पद्धत आहे. सोनं कुणी पाहिलेलं नाही, पण डाळिंब सगळ्यांनी पाहिलंय. कमी पाण्यावर येणारं हे फळ इथल्या माणसानं असं काही लावलं, की 2020 च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटायची होती ती सांगोल्याहून सुटली, थेट पश्चिम बंगालातल्या शालीमारला. हिरवा झेंडा पंतप्रधानांनी दिल्लीत बसून दाखवला. सांगोल्याला हिरवा झेंडा बघायची सवय नव्हती. जवळजवळ साठ वर्षं तिथं लाल बावट्याचं चालत होतं.

पण बावट्याच्या आधी बंडाचं सांगतो. सांगोल्याला सत्तांतराची माहिती लोकशाहीच्या दोनशे वर्षं आधीपासून आहे. 1750 साली यमाजी शिवदेव पेशव्यांवर रुसून सांगोल्याच्या किल्ल्यात जाऊन बसले. सोबत आमदार वगैरे घेऊन गेले होते की नाही याची बखरीत नोंद नाही. सदाशिवरावभाऊ फौज घेऊन आले, बंड मोडलं, आणि त्याच मुक्कामात छत्रपती रामराजांकडून सगळा कारभार पेशव्यांकडं सोपवणारा सांगोल्याचा करार झाला. महाराष्ट्राची सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली ती सांगोल्यात थांबून. एवढं मोठं काम उरकूनही गावात पाण्याची सोय कुणी केली नाही ती नाहीच. नेत्यांनी यावं, महत्त्वाची कागदपत्रं करावीत आणि पाण्याचा विषय पुढच्या दौऱ्यावर टाकावा, ही प्रथा तेव्हापासूनची.

आता 1962. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालेली, नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक. काँग्रेसनं 264 पैकी 215 जागा मारल्या. त्या काळी काँग्रेसचं तिकीट मिळालं की निवडून येणं हा उरलेला सोपस्कार असायचा. सांगोल्यानं तो सोपस्कार केला नाही. तिथून लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचे एक तरुण वकील निवडून आले, गणपतराव देशमुख. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. म्हणजे गावचे नव्हेत, भावकीतले नव्हेत, सत्तेतल्या पक्षाचे तर अजिबातच नव्हेत. उमेदवारात जे जे असू नये ते सगळं जमवून आलेला हा माणूस पुढं अकरा वेळा आमदार झाला.

शेकाप हा पक्ष म्हणजे काँग्रेसला कंटाळून बाहेर पडलेल्या मंडळींनी स्वातंत्र्याच्या सुमारास काढलेलं वेगळं बिऱ्हाड. केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशी मोठी माणसं त्यात होती. पुढं जेधे काँग्रेसमध्ये परतले, मग इतरही परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापच्या बाजूची वजाबाकी कुणी मोजली नाही. माणसं अशी जात राहिली की पक्षाच्या बैठकीला येताना कार्यकर्ता आधी दारातून डोकावून बघायचा, नेते अजून आपलेच आहेत ना. सांगोल्याच्या कार्यकर्त्याला तेवढा त्रास झाला नाही. त्यांचे नेते जागचे हललेच नाहीत.

या माणसाची कीर्ती काय, तर आमदार असून एसटीनं फिरतो. आज हे वाक्य वाचून आपल्याला गहिवरून येतं, पण त्या काळच्या सांगोल्याचा विचार करा. आमदार एसटीत म्हणजे पळायला जागा नाही. रेशनकार्ड, बदली, सोयरीक, बांधाचं भांडण, सगळी कामं शेजारच्या सीटवर येऊन बसणार. मोटारीतल्या आमदाराची काच वर करता येते, एसटीची काच एकदा अडकली की महामंडळही ती हलवू शकत नाही. सांगोला ते मुंबई हा त्या मानानं विधिमंडळाच्या अधिवेशनापेक्षा लांबलचक प्रश्नोत्तरांचा तास होता आणि त्यात सभात्यागाची सोय नव्हती.

बाहेरच्या माणसाला एक कोडं पडतं. ज्या पक्षाचं सरकार येण्याचा संभव पंचांगातसुद्धा नाही, त्या पक्षाचा आमदार पुन्हा पुन्हा निवडून देऊन तालुक्याला मिळतं काय? हे कोडं मी तिथल्या एका म्हाताऱ्याला घातलं. त्यानं तंबाखू मळता मळता सोडवलं. “सरकार कुणाचंबी आलं तरी पाणी येत न्हाय. मग आमदार तरी आपल्या पसंतीचा आसू द्या की.” राज्यशास्त्राच्या वर्गात मला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

काही मिळालं नाही असंही नाही. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. चालली हे मुद्दाम लिहितोय, कारण महाराष्ट्रात सहकारी सूतगिरणी उभी राहणं आणि चालणं या दोन निराळ्या घटना आहेत. बहुतेक ठिकाणी पहिल्या घटनेचा फलक असतो आणि दुसऱ्या घटनेची चौकशी समिती.

तरीही सांगोलेकरांनी आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, स्वतःला गृहीत धरू दिलं नाही. 1972 साली राज्यात इंदिराबाईंची लाट होती. काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या. त्या एका वेळी लाटेचे चार शिंतोडे माणदेशावर उडाले आणि काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. आबा पडले. आणि त्या वर्षी पाऊस पडला नाही. 72 चा दुष्काळ अख्ख्या महाराष्ट्रानं भोगला, पण त्याचं कारण फक्त सांगोल्याच्या पारावर ठाऊक होतं. हवामान खात्यानं या निष्कर्षाला दुजोरा दिलेला नाही. पण 1974 च्या पोटनिवडणुकीत तालुक्यानं आबांना पुन्हा निवडून दिलं, उगीच धोका कशाला पत्करा.

त्याच दुष्काळाच्या खडी फोडण्याच्या कामांतून रोजगार हमी योजना बाळसं धरून मोठी झाली, आणि पुढं तेच खातं सांगोल्याच्या आमदाराकडं आलं. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आबासाहेब मंत्री होते, 1999 ला विलासरावांच्या सरकारातही. दोन्ही वेळा मंत्रिपद फार काळ टिकलं नाही. सांगोल्याला त्याचं विशेष वाटलं नाही. वळवाच्या पावसाची जी गत तीच मंत्रिपदाची, आलं तेवढं खरं. मोटारीवर लाल दिवा आला तेव्हा काही जण म्हणे नाराजच झाले. आता एसटीत गाठ पडणार नव्हती.

आणि मग 1995.

या सालाचं नाव सांगोल्यात घेतलं की अजूनही चहा गार होतो. राज्यात युतीची लाट होती. शिवसेनेचे 73 आणि भाजपचे 65 निवडून आले, काँग्रेस 80 वर अडकली, मंत्रालयावर भगवा फडकला. साऱ्या महाराष्ट्रानं काँग्रेसला घरी बसवलं, त्याच मुहूर्तावर सांगोल्यानं काँग्रेसचा आमदार निवडून दिला. लाट पश्चिमेकडून आली तर हे पूर्वेकडं तोंड करून उभे. चिकमहूदचे शहाजीबापू पाटील तेव्हा ऐन उमेदीत होते. त्यांनी आबासाहेबांना हरवलं. किती मतांनी? 192.

एकशे ब्याण्णव हा आकडा सांगोल्यात लहान पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. हिशेब असा करतात. 192 चा फरक, म्हणजे फक्त 97 माणसांनी शिक्का इकडचा तिकडं मारला असता तर निकाल फिरला असता. एका एसटीत बसून 44 माणसं येतात. म्हणजे दोन एसट्या भरून, वर नऊ जण उभे. जन्मभर एसटीनं फिरलेला आमदार दोन एसट्यांनी पडला. तेव्हा मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका होत्या. शिक्का दोन खुणांच्या मधे रेघेवर बसला की मत बाद. त्यामुळं ‘आमच्या चुलत्याचा हात थरथरला’ इथपासून ‘आमच्यातली बारा मतं त्या दिवशी लग्नाला गेलती’ इथपर्यंत पराभवाच्या जबाबदाऱ्या घरोघर वाटून घेतल्या गेल्या. गंमत म्हणजे विजयाच्या जबाबदाऱ्याही. बापूंना निवडून आणणारी ती 97 माणसं आम्हीच, असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं मोजली तर भरतील काही हजार. एवढी मतं खरोखर पडली असती तर बापू थेट मुख्यमंत्री झाले असते.

1999 ला आबासाहेब परत आले. मग 2004, 2009, 2014. बापू पक्ष बदलत राहिले, काँग्रेसमधून शिवसेनेत गेले. प्रतिस्पर्धी तेवढा बदलला नाही. बाकी महाराष्ट्रात निवडणूक दोन पक्षांत होते आणि उमेदवार इकडून तिकडं जातात. सांगोल्यात निवडणूक दोन माणसांत व्हायची आणि पक्ष येऊन जाऊन असायचे. पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोरानं बापाला विचारावं, “यंदा वातावरण काय?” आणि बापानं म्हणावं, “तेच.” संपलं विश्लेषण. मतदानोत्तर चाचणीवाल्यांना या तालुक्यात धंदा नाही तो यामुळं. मतदानापूर्वीची, नंतरची आणि वीस वर्षांपूर्वीची चाचणी एकच निघते.

2014 ला मोदींची लाट आली. भाजप 122, शिवसेना 63. जुने जुने गड वाहून गेले. सांगोल्यातून नव्वदीकडं झुकलेले गणपतराव देशमुख लाल बावटा घेऊन 25 हजारांवर मताधिक्यानं अकराव्यांदा निवडून आले. दिल्लीत बसलेल्या ज्या कुणी त्या दिवशी महाराष्ट्राच्या नकाशात रंग भरले असतील त्याला एका ठिपक्यासाठी लाल खडू शोधायला उठावं लागलं असणार.

अकरा वेळा हा देशातला विक्रम आहे, असं वाक्य मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. केरळातल्या पाला मतदारसंघाचे के. एम. माणी तेरा वेळा एकाच मतदारसंघातून निवडून आले होते, हे सांगणं जिवावर येतं, पण सांगायला हवं. तिकडं द्राविडी राजकारणातले करुणानिधीही तेरा वेळा, मात्र मतदारसंघ बदलून. हे मी सांगोल्यात बोलून दाखवलं तेव्हा शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, “माणी कधी पडलं का?” मी म्हटलं, नाही, एकदाही नाही. “मग त्येला काय अर्थ हाय? आमच्या आबाला आमी दोनदा पाडून बगितला, तरी अकरा.” म्हणजे पालाचा आमदार नुसताच टिकला. सांगोल्याचा वाजवून घेतलेला होता. या युक्तिवादाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. केरळातही नसावं.

2019 ला आबांनी थांबायचं ठरवलं. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदाच उमेदवारांत ते नाव नव्हतं. कित्येक मतदारांना आयुष्यात पहिल्यांदा उमेदवारांची यादी वाचायची वेळ आली. शेकापकडून नातू डॉक्टर अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर शिवसेनेचे शहाजीबापू. मोजणीच्या फेऱ्यांगणिक गुलालाची पोती कधी या दारात, कधी त्या दारात. दुपारनंतर गुलालवाल्यानं दोन्ही बाजूंकडून उचल घेऊन ठेवली, असं सांगतात. शेवटी बापू जिंकले. फरक 768.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. 1995 साली 192. 2019 साली 768. भागून बघा. बरोबर चौपट. चोवीस वर्षांत चौपट, म्हणजे दर बारा वर्षांनी दुप्पट, म्हणजे दसादशे सहा टक्के चक्रवाढ. इतका शिस्तशीर परतावा महाराष्ट्रातल्या कुठल्याही पतसंस्थेनं एवढी वर्षं दिल्याचं ऐकिवात नाही. बऱ्याच पतसंस्थांनी तर मुद्दलही दिलेलं नाही. बापूंची ठेव फुगत होती, फक्त ती मोडायला मधे चार निवडणुका जाव्या लागल्या.

यानंतर नवख्या वाचकासाठी नावांचा थोडा खुलासा करतो, नाहीतर पुढं गोंधळ होईल. गणपतराव देशमुख हे ‘आबा’. शहाजी पाटील हे ‘बापू’. तालुक्यातलं तिसरं वजनदार नाव दीपक साळुंखे-पाटील, तेही ‘आबा’. 72 साली पहिल्या आबांना पाडलं ते साळुंखे-पाटीलच, हे आडनाव विसरू नका. 2019 ला या दुसऱ्या आबांनी बापूंना हात दिला म्हणून पहिल्या आबांचा नातू 768 नं पडला. आणि 2024 ला पहिल्या आबांचा दुसरा नातू उभा राहिला, तोही डॉक्टर, नाव बाबासाहेब. म्हणजे तिरंगी लढत झाली ती आबा, बापू आणि बाबांत. प्रचाराच्या रिक्षावरचा कर्णा लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणाच्या तरी घरात वाटण्या चालल्यात. अगदीच चुकीचं वाटायचं नाही. ‘पांडवप्रताप’ लिहिणारे श्रीधरस्वामी याच तालुक्यातल्या नाझऱ्याचे, भाऊबंदकीचा विषय मातीतलाच आहे.

पण मधल्या काळात सांगोल्याचं नाव अख्ख्या देशात गाजलं, आणि तेही निवडणूक नसताना. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंद्यांबरोबर आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. सगळा महाराष्ट्र श्वास रोखून बसलेला, सरकार राहतंय की जातंय. तेवढ्यात एका कार्यकर्त्याशी झालेलं शहाजीबापूंचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, समदं ओक्के. दोन दिवसांत त्याची गाणी झाली, लग्नाच्या वरातीत वाजली, रिक्षांच्या पाठीमागं रंगवली गेली. यमाजी शिवदेवांनंतर पावणेतीनशे वर्षांनी सांगोल्याच्या बंडखोराची इतिहासात नोंद झाली.

महाराष्ट्र हसला. हसायला माझी हरकत नाही, पण त्या वाक्याचा क्रम बघा. जन्मभर माणदेशात राहिलेला माणूस पंचतारांकित हॉटेलात उतरतो आणि त्याला आधी काय दिसतं? झाडी. हॉटेल तिसऱ्या नंबरवर. मुंबईच्या आमदारानं आधी हॉटेल सांगितलं असतं, कोकणातल्यानं झाडी सांगितलीच नसती, त्याला त्यात विशेष ते काय. आसामच्या पावसात चिंब झालेला हिरवा डोंगर बघून चिकमहूदच्या माणसाच्या तोंडून जे निघालं तो विनोद नव्हता, तो पाणीटंचाईचा अहवाल होता. उजनीचं दोन टीएमसी पाणी, टेंभू आणि म्हैसाळच्या पाणीयोजना यांच्या फायली ज्यांनी वर्षानुवर्षं फिरवल्या त्या अधिकाऱ्यांनाही तालुक्याची निकड इतक्या थोडक्या शब्दांत मांडता आली नव्हती.

पहिले आबासाहेब हे बघायला नव्हते. 30 जुलै 2021 ला, नव्वदी ओलांडून, ते गेले. 2023 च्या ऑगस्टमध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा व्यासपीठावर शरद पवारही होते आणि देवेंद्र फडणवीसही. एका मांडवात एरवी जे दोघं एकमेकांकडं बघत नाहीत त्यांना शेजारी बसवायला लाल बावट्याचा माणूस लागला. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला म्हणतात, “आबा असतं तर कवाच उठून स्टँडावर गेलं असतं. सवासातची गाडी असती.”

2024 च्या नोव्हेंबरात पुन्हा लाट. महायुतीला 288 पैकी 230 जागा. असली लाट 72 नंतर कुणी पाहिली नव्हती. बापू या वेळी लाटेच्या बरोबर मधोमध होते. सत्ताधारी शिवसेनेचे उमेदवार, मुख्यमंत्री त्यांचे, वाक्य पोराटोरांना पाठ. दीपकआबांनी उद्धव ठाकऱ्यांची मशाल हातात घेतली. शेकापनं महाविकास आघाडीची वाट न बघता डॉक्टर बाबासाहेबांना उभं केलं. राज्यात ज्याला हरायला जागा नव्हती त्या पक्षाला सांगोल्यानं जागा काढून दिली. बाबासाहेब 25 हजारांवर मतांनी निवडून आले, म्हणजे आजोबांचं 2014 चं मताधिक्य होतं जवळपास तेवढ्याच फरकानं. विधानसभेत 288 आमदार बसले त्यात शेकापचा एक, तो सांगोल्याचा. पक्षाच्या विधिमंडळ गटाची बैठक आता आरशासमोर होऊ शकते, कोरम पूर्ण असतो.

निकालानंतर थोड्या दिवसांनी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक फोटो आणि भिंतीला टेकलेली उसाच्या गुळाची ढेप. समोरच्या बाकड्यावर बापूंचा एक कट्टर कार्यकर्ता सिगारेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडत होता. बापूंची मतं एवढी, दीपकआबांची पन्नासएक हजार, दोन्ही मिळवली की बाबासाहेबांच्या कितीतरी पुढं जातात. 2019 सारखं दोघं एकत्र असते तर गुलाल आपलाच होता. त्यानं आकडे पुन्हा मिळवले, हातचा घेतला, पाकीट मला दाखवलं, मग शेजारच्याला दाखवलं, मग गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडं नेलं. मालक शेकापचा. त्यानं चष्मा लावला, बोटानं एकेक रक्कम पुटपुटत बेरीज तपासली आणि पाकीट परत दिलं.

“बेरीज बराबर हाय,” तो म्हणाला. “बटनं निरनिराळी हुती, एवढंच. तीन च्याचं तीस झालं.”